मशीनच्या तेलाचे चार थेंब

“हालू नका. हाये तिथंच उभ्या राहा.”

वेणू एक पाय दुकानात आणि एक पाय बाहेर अशी थबकली. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेला बाबांचा रेडिओ, तो काही हलका नव्हे, आणि समोर तर माणूसच नाही. आवाज टेबलाखालून आला होता.

“काऊन?” तिनं टेबलालाच विचारलं.

“बारका स्क्रू पडला. तुमच्या चपलेखाली असन.”

“माया चपलेखाली काई नाई.”

“पाय उचलून सांगा ना मंग.”

तिनं पाय उचलला. चपलेच्या तळाला रुईचा पुंजका चिकटला होता आणि त्या पुंजक्यात स्क्रू अगदी आरामात बसला होता. टेबलाखालून आधी एक हात आला, मग केस, मग चष्मा लावलेला एक सावळा चेहरा. त्यानं स्क्रूकडे पाहिलं, मग वेणूकडे पाहिलं, आणि त्यानंतर बराच वेळ फक्त स्क्रूकडेच पाहत राहिला. इतकं पाहण्यासारखं त्या स्क्रूत काही नव्हतं.

सन ब्याऐंशीचा तो डिसेंबर. सिंदी रेल्वेत कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, कापसातली सरकी काढणारी जिनिंग सुरू झालेली, आणि एकदा जिनिंग सुरू झाली की गावात रुई उडते. चहात रुई, भाजीत रुई, केसांत रुई. नवख्या माणसाला वाटावं, गावातले सगळे एका रात्रीत म्हातारे झाले. माणसं ती झटकून टाकतात हो, पण रेडिओ काय करणार? मागच्या जाळीतून रुई आत शिरते आणि बटणांच्या पोटात जाऊन बसते. म्हणून सिंदीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला कधी मरण नव्हतं. भैय्याजी मेकॅनिकचे डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी दिवाळीत आपलं दुकान या चंद्रभानाला चालवायला दिलं. तो वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेचा. गावात त्याला ओळखणारं अजून कोणी नव्हतं.

चंद्रभाननं रेडिओची पाठ उघडली, वाकून वास घेतला आणि चष्मा वर सरकवला.

“यात तेल कोनं टाकलं?”

वेणूचा चेहरा खर्रकन उतरला. तेल तिनंच टाकलं होतं. ती घरी ब्लाउज शिवायची. आवाजाचं बटण फिरवलं की रेडिओ खरखर करायचा, बाबा वैतागायचे, म्हणून तिनं शिलाई मशीनची कुपी घेऊन बटणाच्या दांडीवर चार थेंब सोडले होते. मशीन कुरकुरली की तेल घालायचं, मग रेडिओला का नाही? चार दिवस खरखर गेली. पाचव्या दिवशी आवाजच गेला. आणि रेडिओला बाबांशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा घरात कायदा.

“भावानं,” ती म्हणाली.

तिला भाऊ नव्हता.

“मोठा का लहान?”

“...मधला.”

चंद्रभान मान खाली घालून हसला. मग त्यानं तिला आतलं दाखवलं. बटणाच्या आत एक काळी गोल पट्टी असते, तिच्यावरून पितळेचं इवलंसं बोट फिरतं. मधे रुई आली की खरखर होते. तेलानं रुई आणखी चिकटते आणि चिखल होतो. त्यानं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तो चिखल काढला, नंतर थेंबभर स्पिरिट आत सोडलं आणि रेडिओ तिच्याकडे वळवला.

“फिरवा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पन्नास वेळा.”

“मी?”

“माये हात बँडच्या बटनात गुतले ना. मी मोजतो, तुमी फिरवा.”

ती फिरवू लागली. स्पिरिटचा गार, झिणझिण्या आणणारा वास, दाराशी हिवाळ्याचं कोवळं ऊन, उन्हात तरंगणारी रुई. तो पोस्टकार्डाची पातळ पट्टी कापून, स्पिरिटमध्ये भिजवून, बँडच्या बटणाच्या पात्यांमधून हलकेच ओढत होता. पट्टी पांढरी जायची, काळी यायची. तोंडानं मोजणं चालूच होतं. सव्वीस... सत्तावीस... तेवढ्यात वेणूनं कपाळावर आलेली बट मनगटानं मागे सारली.

“अठ्ठावीस... अं... छत्तीस...”

“काय?”

“चुकलं,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “परत एकपासून.”

त्या दिवशी मोजणं दोनदा चुकलं. वेणू घरी पोचली तेव्हा आई, मनकर्णाबाई, दारातच उभी होती. एका बटणाला एवढा वेळ लागतो का, असं तिनं विचारलं. वेणू म्हणाली, दोन बटणं होती.

*

रेडिओ छान वाजू लागला आणि वेणूची पंचाईत झाली. चांगल्या चालणाऱ्या रेडिओला कोणी दुकानात नेत नाही. आठ दिवस तिनं कळ काढली. नवव्या दिवशी दुपारी आई बाजाराला गेली, घरात मशीन, वेणू आणि तेलाची कुपी एवढीच मंडळी उरली, आणि काय सांगावं... चार थेंब पडले. हात थरथरला म्हणा हवं तर. तिनं स्वतःला तसंच सांगितलं होतं.

चंद्रभाननं पाठ उघडली, वास घेतला.

“भावाची तब्येत बरी हाये ना?”

“हाये की.”

“हात लय चालते त्याचा.”

“सांगते त्याले,” वेणू गंभीरपणे म्हणाली, आणि न सांगताच बटणाला हात घातला. “मोजा.”

असं जानेवारीभर चाललं. पन्नास फेऱ्यांत माणूस किती बोलू शकतो ते तुम्हाला करून पाहिल्याशिवाय कळायचं नाही. त्याची आई देवकाबाई बोरगावला एकटी असते हे तिला कळलं. त्याला भरीत आवडतं, पण स्वतः केलेलं त्यालाच खाववत नाही, हेही कळलं. पट्ट्यांसाठी कापलेली पोस्टकार्डं आईचीच, शेजाऱ्याकडून लिहून घेतलेली. एकदा तिनं कापलेला एक तुकडा उचलून वाचला.

“‘...यंदा तरी पोरगी पाहू का...’ अवं बाई. आईचं पत्र कापता तुमी?”

“वाचून झाल्यावर कापतो.”

“आन उत्तर?”

“लिहिलं.”

“काय लिहिलं?”

चंद्रभान पट्टी ओढत राहिला. “थांब म्हनलं थोडी. सध्या काम हाये.”

“कोनतं काम?”

“हेच...” तो म्हणाला. “एक रेडिओ हाये. पक्काच होत नाई.”

वेणूनं बटण इतक्या जोरात फिरवलं की त्यानं मोजणं सोडून तिचा हात थांबवला. दोन बोटं, तीही नुसती बांगड्यांवर टेकलेली. पण ती दोन बोटं वेणूला पुढे कितीतरी दिवस तिथेच असल्यासारखी वाटली. संक्रांतीला तिनं चादरीच्या गाठीत तिळगूळ बांधून नेला. त्यानं तो लगेच खाल्ला नाही, कागदात घडी घालून स्क्रूच्या डबीत ठेवला. म्हणाला, स्क्रू हरवतात पण डबी हरवत नाही.

आपण काय करतो आहोत हे वेणूला कळत नव्हतं असं नाही. ती सुखात होती, आणि सुखात असलेलं माणूस पुढचा विचार जरा उद्यावर टाकतं.

*

तो उद्या फेब्रुवारीत उगवला.

वेणूचे बाबा लक्ष्मणराव कापसाच्या खरेदी केंद्रावर काट्यावर होते. पंधरा वर्षं त्यांनी गाड्या तोलल्या, पण एका शेतकऱ्यानं कधी वजनाबद्दल तक्रार केली नाही. सिंदीच्या बाजारात लक्ष्मणराव बोलले म्हणजे काटाच बोलला असं समजत. त्या संध्याकाळी केंद्रावरची चार माणसं घरी आली होती, सगळे बातम्या ऐकायला बसले, आणि ऐन बातम्यांत रेडिओनं घशात काही अडकल्यासारखा आवाज काढला आणि तो गप्प झाला. पाहुण्यांसमोर. पाचव्यांदा.

सकाळी वेणू आंघोळीला गेली असताना लक्ष्मणरावांनी रेडिओ उचलला आणि ते थेट दुकानावर गेले. शेजारीच नत्थूजींचं चहाचं हॉटेल, सकाळची वेळ, गाडीवाल्यांची गर्दी. पुढचं सगळं वेणूला नत्थूजींकडूनच कळलं.

“लय बोलले तुये बाबा,” नत्थूजी सांगत होते. “चार वेळा रेडिओ नेला, पाचव्यांदा परत तसाच. म्हने, काम येत नसन तं दुकान कायले उघडून बसला? सगळे आयकून राह्यले होते.”

“तो काय बोलला?”

“त्यानं पाठ उघडली. आत पायलं. माया डोयानं पायलं मी, आत तेल चमकून राह्यलं होतं. मले वाटलं आता सांगन. तं म्हनते कसा, माया हातून राह्यलं असन, काकाजी.”



काटा बोलला होता. तीन दिवसांत माणसं एकेक करून आपापले रेडिओ दुकानातून उचलून घेऊन गेली. कोणी वर्ध्याला नेला, कोणी तसाच घरी ठेवला. भैय्याजींनीही निरोप धाडला, बाबा, माझ्या दुकानाचं नाव जातं आहे, काय ते बघ. चौथ्या दिवशी वेणू दुकानात गेली तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या आणि चंद्रभान हत्यारं वर्तमानपत्रात गुंडाळत होता.

“कुठं चालले?”

“नागपूरले. दोस्ताचं दुकान हाये तिथं. सोमवारी जातो.”

“तुमी बाबाले सांगतलं काऊन नाई?”

“काय?”

“...तेलाचं.”

“कोन्या तेलाचं?” तो म्हणाला. तिच्याकडे न पाहता त्यानं स्पिरिटच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं. एकदा घट्ट झालेलं पुन्हा घट्ट केलं. “एक सांगतो, आयकजा. त्या रेडिओत आता तेल नका टाकू. काढाले कोनी नसन.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. ती खेळत होती आणि या माणसाचं नाव जात होतं. आणि त्यानं ते जाऊ दिलं होतं, एक शब्द न काढता. सांगितलं असतं तर गाव तिच्याबद्दल काय काय बोललं असतं, हे त्यानं तिच्याआधी ओळखलं होतं. आपण याच्यावर प्रेम करतो, हे वेणूला त्या रिकाम्या फळ्यांसमोर अगदी सरळ, मधे कुठेही खरखर न होता कळलं.

आता बोलायचं राहिलं होतं ते तिचंच. आणि ते घरी बोलायचं होतं.

*

संध्याकाळी लक्ष्मणराव हातपाय धुऊन बसले. वेणूनं त्यांच्यासमोर तेलाची कुपी ठेवली.

“हे काय?”

“रेडिओत मी तेल टाकत होती, बाबा. त्याचं काम चांगलं हाये. तो साफ करून देये, मी परत टाको.”

चुलीपाशी मनकर्णाबाईंची भाकरी थापटणं थांबलं.

“चुकून?”

“पयल्यांदा चुकून.”

“आन मंग?”

वेणूनं मान खाली घातली. लक्ष्मणराव हिशेबी माणूस, त्यांना आकडा हवाच.

“चार वेळा जानून टाकलं?”

“हो.”

“काऊन?”

वेणू कुपीचं झाकण फिरवू लागली. चुलीकडून मनकर्णाबाई म्हणाल्या, “आता काऊन काय इचारता? पोरगी दर आठ दिवसांनी नवं लुगडं नेसून रेडिओ नेये, ते मले दिसे. तुमाले बातम्याच आयकू येते फक्त.”

लक्ष्मणराव नेहमीसारखे जेवायला बसले. रागवले असते तर बरं, असं वेणूला वाटलं. ते दोनदा उठून रेडिओजवळ गेले, बटणाला हात न लावता परत आले.

सकाळी डोक्याला रुमाल बांधता बांधता त्यांनी विचारलं, “वेणू, गाडीचं वजन चुकलं तं काय करा लागते?”

“परत काट्यावर घ्या लागते.”

“कोनासमोर?”

“...ज्याच्यासमोर पयल्यांदा केलं त्याच्यासमोर.”

“चाल मंग. रेडिओ घे.”

नत्थूजींच्या हॉटेलसमोर तीच सकाळची गर्दी. लक्ष्मणराव दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. मागे वेणू, रेडिओ छातीशी धरलेला, कानशिलं तापलेली. आत चंद्रभान ट्रंकेला कुलूप घालत होता. त्यांना पाहून तो तसाच उभा राहिला.

“आयका रे,” लक्ष्मणराव गाडीवाल्यांना म्हणाले. गाडी तोलताना बोलत तसंच, ना मोठ्यानं ना हळू. “त्या दिवशी मी इथं जे बोललो ते वजन चुकलं. रेडिओत मशीनचं तेल घरच्यानंच टाकलं होतं. या पोराचा हात साफ हाये. ज्यानं ज्यानं माया बोलन्यावर रेडिओ नेला, त्यानं वापस आनून द्या.”

कपबशांचा आवाज थांबला होता. नत्थूजी गाळणी हातात धरून उभेच. मग लक्ष्मणराव आत गेले आणि चंद्रभानसमोर स्टुलावर बसले.

“तुले मालूम होतं तेल कोन टाकते?”

“हो, काकाजी.”

“कवापासून?”

“पयल्या दिवसापासून. यायच्या बोटाले मशीनच्या तेलाचा वास होता.” तो थोडा अडखळला. “आन यायले भाऊ नाई, हे दुसऱ्या दिवशी समजलं.”

“मंग पयल्यांदाच सांगतलं काऊन नाई? तेल टाकू नका म्हनून? एका वाक्याचं काम होतं.”

चंद्रभाननं वेणूकडे पाहिलं. या वेळी त्यानं नजर स्क्रूकडे वळवली नाही, स्क्रू तर सगळे ट्रंकेत बंद झाले होते.

“सांगतलं असतं,” तो म्हणाला, “तं रेडिओ येनं बंद झालं असतं.”

वेणूनं रेडिओ टेबलावर ठेवला.

लक्ष्मणरावांनी त्याच्याकडे पाहिलं. काट्यावरच्या भरलेल्या गाडीकडे पाहायचे, तसंच. मग त्यांनी विचारलं, “बोरगाव मेघेचा ना तू? घरी कोन हाये?”

“आई हाये.”

“शेती?”

“तीन एकर. चुलता करते.”

“आईले पत्र टाक. रविवारी मी अन् वेणूची माय येतो म्हन.” ते उठले. दारात वळून, टेबलावर पडलेल्या पोस्टकार्डाच्या पट्ट्यांकडे पाहत म्हणाले, “अन् तिचं उत्तर आलं तं ते कापजो नको. आन हा रेडिओ सातच्या आत घरी पायजे. बातम्या असते.”

ते गेले. बाहेर नत्थूजींनी विनाकारण खूप मोठ्यानं चहा गाळायला सुरुवात केली.

चंद्रभाननं ट्रंक उघडली. स्पिरिटची बाटली काढली, बोळा काढला, चष्मा पुसला. रेडिओची पाठ उघडली. पितळेच्या बोटाखालून तेलाचा तो शेवटचा चिखल निघाला. दाराशी कोवळं ऊन होतं आणि उन्हात रुई तरंगत होती.

“सोमवारची गाडी?” वेणूनं विचारलं.

“तिकीट कुठं काढलं होतं,” तो म्हणाला. “फिरवा.”

ती फिरवू लागली. तो मोजू लागला. दहा झाले, वीस झाले. सत्ताविसाला तिनं मुद्दाम कपाळावरची बट मनगटानं मागे सारली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्याचे कान लाल झाले, पण अठ्ठावीस बरोबर आले. एकोणचाळीस... चाळीस... शेवटचे दहा तो इतक्या हळू मोजत होता की जणू एकेक आकडा हातात घेऊन पाहत होता.

“पन्नास.”

त्यानं रेडिओ लावला. तिनं बटण या टोकापासून त्या टोकाला नेलं. आवाज हलकेच चढला, स्वच्छ, एकसारखा.

“आज मोजनं चुकलं नाई तुमचं?” वेणू म्हणाली.

“आता काऊन चुकू?” चंद्रभान म्हणाला, आणि बटणावरचा तिचा हात तिथेच राहू देऊन त्यानं त्यावर आपला हात ठेवला.